कारणाचा रकाना

तिने चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि शेवटच्या ओळीवर बोट दाबून धरलं.

"हा ईमेल इथे कुणी घातला?"

मशीनकाकांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. वाचनालयाच्या अकरा शाखांचे संगणक ते एकटे सांभाळत, म्हणून हे नाव. खरं नाव आता पगारपत्रकापुरतंच उरलं होतं. चिठ्ठी नेहमीचीच होती. मुलांच्या विभागात कुणीतरी ऑक्टोपसवरचं पुस्तक राखून ठेवलं होतं. पुस्तकाचं नाव, शाखेचं नाव, आणि खाली: 'सूचना संध्याकाळी पाच वाजता या पत्त्यावर जाईल.'

"तुमचाच असेल ना?"

"आमच्या जुन्या घरचा आहे. नवरा बघतो तो. अडीच महिन्यांपूर्वी मी मुलीला घेऊन तिथून निघाले. आम्ही कुठे आहोत हे त्याला कळता कामा नये." तिचा आवाज जराही चढला नाही. "मागच्या वेळी कळलं, तेव्हा महिनाभर माझा हात प्लास्टरमध्ये होता."

पाचला वीस मिनिटं कमी होती. खिडकीखाली तिची सात-आठ वर्षांची लेक पालथी पडून वाचत होती, दोन्ही पाय हवेत.

काकांनी कार्ड उघडलं. आईने स्वतःचा ईमेल केव्हाच बदलला होता, पण मुलीच्या कार्डावर पालक म्हणून वडीलच होते. लहान मुलांची प्रत्येक सूचना पालकाला जायलाच हवी, ती कुणालाही बंद करता येऊ नये, असा नियम होता. तो करणारे शहाणे म्हणजे काकाच. वार्षिक सभेत त्याबद्दल टाळ्याही घेतल्या होत्या.

त्यांनी 'पालक बदला' दाबलं. पडद्यावर उमटलं: 'सध्याच्या पालकाच्या ईमेलवर सांकेतिक क्रमांक पाठवू का?'

"नको!" दोघं एकदम ओरडले. मुलीने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा पुस्तकात घातली.

आरक्षण रद्द करावं, तर रद्द झाल्याचाही ईमेल जाणार होता. आपलंच यंत्र, आणि कुठूनही हात घालू देईना.

"याआधी किती गेलेत?"

काकांनी नोंद काढली. सांगावंसं वाटेना. "चार."

ती मटकन खुर्चीत बसली. "शाखेच्या नावासकट?"

"हो."

"मग तो आला कसा नाही अजून?" तिने दाराकडे पाहिलं. काकांनीही पाहिलं.

एकच मार्ग उरला होता. सगळ्या शाखांचे सगळे ईमेल थांबवायचे. त्याला ग्रंथपालबाईंची सही लागते, आणि बाई बैठकीत होत्या. नंतर बोलणी खाऊ, असं पुटपुटत काकांनी कळ दाबली. पाच वाजले. काहीच गेलं नाही.

मग त्यांनी थेट मुळाशी जाऊन तो पत्ता खोडायला घेतला. यंत्राने पुन्हा अडवलं: 'या पत्त्यावरून आलेल्या चार विनंत्या बाकी आहेत.'

प्रत्येक सूचनेच्या तळाशी 'हे ईमेल नकोत' असा दुवा असे, आणि कारण लिहायला एक रकाना. काकांच्या नियमापुढे त्या विनंत्यांचं काही चालत नसे, त्यामुळे तो रकाना आजवर कुणी उघडलाच नव्हता. काकांनीसुद्धा नाही. त्यांनी तो उघडला.

'हे ईमेल बंद करा.'

'कृपया बंद करा. घरात दुसरेही बघतात.'

'अहो, बंद करा. मी पुसते, पण फोन दर वेळी हाताशी नसतो.'

'दोघी बऱ्या आहेत का?'

चारही विनंत्या त्या त्या दिवशी पाचची सूचना गेल्यावर सव्वापाचच्या आत आल्या होत्या.

"सासूबाई," ती म्हणाली. "नातीचे फोटो दिसावेत म्हणून तो ईमेल त्यांच्या फोनवर मीच जोडून दिला होता. पुसायचं कसं तेही मीच शिकवलं. नवरा सहाला घरी येतो, आल्या आल्या बघतो." तिने पदराने नाक पुसलं. "मी निघाले तेव्हा त्या स्वयंपाकघरातून बाहेरसुद्धा आल्या नाहीत. मला वाटलं, त्या त्याच्याच बाजूच्या."

काकांना स्वतःची मनस्वी लाज वाटली. महिन्याभरापासून एक बाई त्यांच्या दारावर थाप मारत होती.

"विनंती मान्य केली की एक शेवटचा ईमेल जातो. बाकी सगळे थांबवून तेवढाच सोडता येईल," ते म्हणाले. "शाखेचं नाव मी काढतो. नको असेल तर तोही अडवतो."

तिने घड्याळ पाहिलं. पाच वाजून अकरा मिनिटं.

"काय लिहिलेलं असतं त्यात?"

"'आपली विनंती वाचली. यापुढे ईमेल येणार नाहीत.' आणि खाली टीप. ती रिकामीच असते."

"टिपेत 'हो' लिहा," ती म्हणाली. "बाकी काही नको."

काकांनी 'हो' लिहिलं, दोनदा तपासलं आणि पाठवलं.

दोघं पडद्याकडे बघत बसले. मुलगी उठून आईच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. तिला पुस्तक कधी मिळणार ते विचारायचं होतं, पण तिने विचारलं नाही. पाच सतरा. पाच बावीस. अठ्ठाविसाव्या मिनिटाला रकान्यात पाचवी ओळ आली.

'पुसला.'