ओटीखालचा पट्टा

त्या दिवशीही पंचफुलाबाईंनी मला साडीवरून कमरेला आवळलं आणि माझ्यात ओटी खोवली. ओटी म्हणजे जुन्या लुगड्याची झोळी. वेचलेला कापूस बाया तिच्यात टाकत जातात. नाचणगावच्या शिवारातला तो हंगामाचा शेवटचा वेचा होता. संध्याकाळी काट्यावर त्यांचंच गाठोडं सगळ्यांत जड भरलं. घरी येऊन त्यांनी मला खुंटीवर टांगलं, भाकर टाकली, जेवल्या. यानंतर एकही संध्याकाळ त्यांच्या वाट्याला नाही, हे मला कळलं नाही. मित्रांनो, मी एक जुना कमरेचा पट्टा आहे. मला फक्त कंबर कळते.

शहरातल्या एका शेडमध्ये माझी शिलाई झाली. जाड इलॅस्टिक, पाठीशी लवचिक पट्ट्या, पुढे वेल्क्रो. माझ्या खोक्यावर एक सडपातळ, हसरी बाई छापली होती. तिची कंबर कधी दुखली असेल असं वाटत नव्हतं. वर्ध्याच्या एका औषधांच्या दुकानात मी धूळ खात होतो, तिथून मयुरीने मला घेतलं. मयुरी ही पंचफुलाबाईंची एकुलती मुलगी, आर्वीच्या शाळेत शिक्षिका. आईने कापूस वेचून शिकवलेली.

दुकानाच्या वरच डॉक्टरांचा दवाखाना होता. त्यांनी मला पंचफुलाबाईंना बांधून दाखवलं आणि मग मयुरीला कण्याचा फोटो दाखवला. मणक्यांना मागून बांधून ठेवणारे पिवळसर बंध असतात. तरुणपणी ते रबरासारखे ताणतात. वाढतं वय, वाढलेलं वजन, साखरेचा आजार, मणक्यांमधली झिजलेली गादी आणि वर्षानुवर्षांचा भार, यांनी ते जाड आणि राठ होतात आणि नसांची वाट अडवतात.

"वय आहे, साखर आहे आणि त्यात हे काम," डॉक्टर म्हणाले. "पाय सुन्न पडायला लागलेत. ऑपरेशन फार लांबवू नका. आणि ओझं आजपासून बंद."

"पण साहेब, वाकली का मले बरं वाटते," पंचफुलाबाई म्हणाल्या. "उभी राह्यली, चालली, का पाय भरून येते."

"या आजाराची खूणच ती, मावशी. वाकल्यावर वाट जराशी मोकळी होते. आजार जात नाही."

पंचफुलाबाईंनी यातलं अर्धंच गावात आणलं. गावाला तेवढं पुरलं.

"घरी बसली का कंबर धरते, मी तं सांगूनच राह्यली होती," वेचणीच्या टोळीची मुकादम वच्छलाबाई म्हणाली.

"डॉक्टरच म्हणे, वाकल्यानं मोकळी होते," पंचफुलाबाई म्हणाल्या.

"मंग आपण साऱ्या डॉक्टरीणच झालो नं वं. फी कोण देते?"

तासातल्या, कापसाच्या ओळीला लागलेल्या बाया हसल्या. पंचफुलाबाईही हसल्या आणि वाकल्या. मी सांगतो, वाकल्यावर त्यांना खरोखर बरं वाटायचं. म्हणून त्या दिवसभर वाकत राहिल्या.

मला आणलं होतं भार कमी करायला. पण माझ्यात खोवलेली ओटी खाली घसरत नसे, म्हणून तिच्यात जास्त कापूस मावू लागला. माझं कौतुक झालं. "मयुरीनं चांगला पट्टा आणला व माय," बाया म्हणायच्या. दोघीतिघींनी मला बांधूनही पाहिलं. कुणाच्या तरी कमरेचा घात करून आपण नावाजले जातो आहोत, हे कळूनही पट्टा काही करू शकत नाही.

परतताना पंचफुलाबाई रोज नाल्याच्या पुलावर बसायच्या. "तुमी व्हा पुढं, मी चप्पल पाह्यते," म्हणायच्या. चपलेला काही झालेलं नसायचं. पायांतल्या मुंग्या उतरेपर्यंत त्या पुढे झुकून बसत, मग एकट्याच घरी येत.

मयुरी रविवारी यायची.

"माय, पट्टा बांधतं ना?"

"रोज बांधून राह्यली."

"अन् ऑपरेशनचं?"

"एवढा वेचा होऊ दे."

आई भिंतीला हात लावून उठते, हे मयुरी बघायची. मग डबा भरून घेऊन आर्वीची बस धरायची. शाळेच्या कार्यक्रमात ती म्हणाली होती की माझी आई कधी थकत नाही. टाळ्या पडल्या. मग गावही तेच म्हणू लागलं आणि पंचफुलाबाईंना थकायची सोयच उरली नाही.

त्या शेवटच्या वेच्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीच्या दगडावर त्यांचे पाय सुन्न पडले. त्या आधाराशिवाय खाली गेल्या. डोकं दगडावर आपटलं. मी खुंटीवर होतो. त्या पुन्हा उठल्या नाहीत.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तूंनी शेवटी सांगायचं असतं की आम्हाला धुवा, वाळवा, जपून ठेवा. मला धुतलं नाहीत तरी चालेल. ज्याच्या कमरेला मला बांधाल, त्याच्या कमरेवरचं ओझं आधी उतरवा.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी अंगणात सतरंज्या अंथरल्या होत्या. वंदना झाली. फोटोपुढे मेणबत्त्या होत्या. मयुरीने मला खुंटीवरून काढून मांडीवर घेतलं होतं आणि वेल्क्रोत अडकलेला कापूस ती नखाने काढत होती.

वच्छलाबाई बोलायला उभी राहिली. "पंचफुला म्हणजे लोखंडाची बाई. कवाच थकली नाई. पोरीचं सोनं केलं." सगळ्यांनी माना हलवल्या. "मयुरी, तूही बोल दोन शब्द. तुले तं चांगलं बोलता येते."

मयुरी उभी राहिली. मी तिच्या हातातच होतो.

"थकली होती," ती म्हणाली. "माही माय थकली होती. मले दिसत होतं. मी तिले बस म्हटलं नाई. पट्टा आणून देल्ला."