संघपाल सरांच्या दाढेतले किडे

किन्हीराजा गावच्या बाजारात चिंचेखाली शंभरेक माणसं गाल धरून बसली होती. दाढेतले किडे काढणाऱ्या बाबाची रीत ठरलेली. पाण्याच्या परातीत दगड, दगडावर तापलेलं लोखंड, त्यावर तेलात भिजवलेल्या बिया, वरून पालथं मडकं. मडक्याच्या बुडाला बसवलेल्या नळीतून रोग्यानं धूर तोंडात घ्यायचा. मडकं उचललं की पाण्यात पांढरे, वाकडे किडे तरंगत.

"डॉक्टरनं नस मारली, किडा कोन मारंन?" बाबा म्हणे. "त्याच्या मशीनले किडा दिसत नाही. माह्या धुराले दिसते."

रांगेत तोंडाला रुमाल बांधून संघपाल सर उभे होते. इंझोरीच्या शाळेत ते विज्ञान शिकवत. जिभेवर कापूर पेटवून पोरांना बुवाबाजी समजावून सांगत. पण दोन महिन्यांपूर्वी रूट कॅनल केलेली दाढ ठणकायची थांबत नव्हती. गोळ्या खाऊन पोट जळालं होतं.

त्यांच्या वाट्याला अकरा किडे आले. बाबानं दाढेत लवंगेच्या तेलाचा बोळा दाबला. ठणका थांबला अन् सर चक्क बाबाच्या पाया पडले. कुणीतरी मोबाईलवर फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो गावभर फिरला.

आठवड्याभरात दुखणं परतलं. अन् शाळेत खिचडी शिजवणाऱ्या कस्तुराबाईंना वाशीमच्या दवाखान्यात भरती केल्याचं कळलं. दाढ काढायची तारीख चुकवून त्या बाबाकडे गेल्या होत्या. पू गळ्यापर्यंत उतरला होता.

सर भेटायला गेले. बाईंचं तोंड बोटभरही उघडत नव्हतं.

"सर, तुमचा फोटो पाह्यला म्हनून गेली मी," त्या कशाबशा बोलल्या. "तुमाले तं समजते ना सारं?"



त्याच दिवशी त्यांनी दुसऱ्या डॉक्टरला दाढ दाखवली. एक्स-रेवर बोट ठेवून डॉक्टर म्हणाले, "मुळातली एक नळी साफ करायची राहून गेली. तिथं पू आहे. किडा वगैरे काही नसतो. लवंगेच्या तेलानं तेवढ्यापुरतं बधिर होतं."

येताना सरांनी शेताच्या धुऱ्यावरच्या काटेरी रिंगणीच्या झुडपाची वाळली फळं तोडली. बाबाच्या परातीजवळ तीच फळं पडलेली त्यांनी पाहिली होती. घरी लोखंड तापवलं, बिया टाकल्या, मडकं पालथं घातलं. नळीला तोंड कुणीच लावलं नाही. मडकं उचललं, तर पाण्यात एकोणीस किडे. सरांनी एक चिमट्यात धरून भिंगाखाली पाहिला. तापून फुटलेल्या बीमधला कोंब होता तो.

त्यांची बायको नीलिमा परातीत वाकून पाहत होती. "हे कोनाच्या दाढेतले?" तिनं विचारलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी सरांनी बाबासमोरच आपली परात मांडली. या खेपेला तोंडाला रुमाल नव्हता. नळीला कुणी तोंड न लावताच पाण्यात किडे पडले तशी कुजबुज सुरू झाली. बाबा ओरडला, "सर, तुमीच तं पाया पडले होते माह्या!"

"पडलो," सर म्हणाले. "दुखत होतं, अन् मी इचार करनं सोडून देलं. माह्यापायी एक बाई मराले टेकली. याची लाज मले जलमभर पुरंन." मग त्यांनी उरलेल्या बिया लोकांसमोर धरल्या. "एका डॉक्टरचं चुकलं तं दुसऱ्याले दाखवा, एक्स-रे मागा, सवाल करा. अन् मी सर हाय म्हनून माहं बी ऐकू नका. बिया घ्या, घरी करून पाहा."