शेजारच्या सीटवरचं वजन

“वजन पाठवा गं कुणीतरी, वजन.”

अजूनही एखाद्या दुपारी भांडी आवरताना तो आवाज माझ्या कानाशी येतो. ऑरिन गार्बरचा आवाज. एबरसोलच्या कारखान्याच्या अंगणात नवी गाडी धडधडत उभी असायची, शेवटचं रोगण तेवढं लागायचं बाकी, आणि ऑरिन खालून आमच्या खिडकीकडे तोंड करून हाक द्यायचा. वरच्या मजल्यावर आम्ही बायका गाड्यांच्या गाद्या करायचो. कुणी कातडं कापायचं, कुणी घोड्याचे केस पिंजायचं, कुणी बटणं ओवायचं. मी बटणांवर होते.

“किती वजनाचं पाहिजे?” आमच्यातली एखादी खिडकीतून ओरडायची. “पिठाचं पोतं चालेल?”

“पोतं बोलत नाही.”

“मग आम्हीही बोलत नाही. जा एकटाच.”

खोलीभर हशा पिकायचा. हसायची नाही ती एकटी लविना श्रॉक. कारण तिच्या तोंडात खिळे असायचे. कातडं लाकडी चौकटीवर ठोकायचं काम तिचं. मूठभर बारीक खिळे गालात धरायचे, जिभेनं एकेक पुढे ढकलायचा, हातोडीच्या तोंडानं ओठातून उचलायचा आणि ठोकायचा. हाक आली की ती ओंजळ ओठांशी धरून सगळे खिळे डबीच्या झाकणात काढायची, एप्रन झटकायची, डोक्याला रुमाल बांधायची आणि जिना उतरायची. घाई नाही. जणू शेजारणीकडे विरजण मागायला निघालीय.

ती दाराबाहेर पडली की आम्ही तिचं गाणं म्हणायचो. कुणी रचलं ते कुणालाच ठाऊक नाही, हातांच्या लयीत ते आपसूक आलं होतं:

*खिळे माझ्या ओठी गं, बोलू मी कशी बाई,*
*अंगणी गाडी उभी, जाणारा थांबत नाही.*

*कातड्याला टाका गं, टाक्याला देते गाठ,*
*पुदिन्याच्या शेतातून गाडीची गेली वाट.*

आमचं टॅमरॅक गाव अमेरिकेतल्या इंडियाना राज्याच्या उत्तर भागात. आता कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही, पण या गावात मोटारी होत होत्या. अमोस एबरसोल मुळात बग्गीवाले. त्यांच्या बग्ग्या चार काउंटींत चिखल तुडवायच्या. एकोणीसशे पाच साली त्यांनी बग्गीच्या सीटखाली इंजिन बसवलं आणि घोडा सोडून दिला. बाकी काही म्हणजे काही बदललं नाही. तीच उंच चाकं, तेच झाकण, आणि पुढच्या फळीवर चाबूक ठेवायची तीच पितळी नळी. एका विक्रेत्यानं विचारलं, “मालक, घोडा नाही तर चाबूक कशाला?” मालक म्हणाले, “शेतकऱ्याचा हात सवयीनं तिकडे जाईल. नळी नसली तर बिचाऱ्याला वाटेल गाडीत काहीतरी कमी आहे.” मालकांचं असंच होतं. माणसाला ओशाळं वाटू नये म्हणून ते यंत्रसुद्धा ओशाळं ठेवायचे. गिऱ्हाइकांनी त्या नळीत छत्र्या ठेवल्या, सूर्यफुलं ठेवली, एका म्हाताऱ्यानं तर खरोखरच चाबूक ठेवला, आणि चढावर तो हवेत फिरवायचा म्हणे.

आमच्या गाद्याही बग्गीच्याच होत्या. पण घोड्याची चाल वेगळी आणि इंजिनाची धडधड वेगळी. पहिल्या गाड्या दोन मैल गेल्या की सीटची बटणं पटापट उडायची. एका गिऱ्हाइकाच्या नाकाला लागलं होतं एक. मालक वर आले, टोपी हातात घेऊन उभे राहिले. म्हणाले, “मुलींनो, काय करायचं?” लविनानं खिळे काढले आणि म्हणाली, “बसल्याशिवाय कळणार नाही.”

म्हणून ती बसली. गाडी तपासायचं काम ऑरिनचं. शेजारी माणसाचं वजन हवं म्हणून तो आधी वाळूची पोती ठेवायचा. त्या दिवशी पोती उतरली आणि लविना चढली. परत आली ती अंगभर धूळ घेऊन, आणि आल्या आल्या तिनं सगळ्या सीटचे केस दुप्पट घट्ट भरायला लावले. बटणं उडायची थांबली. तेव्हापासून कारखान्याची रीतच पडली. लविना श्रॉक बसून आल्याशिवाय एबरसोलची गाडी फाटकाबाहेर विकायला जायची नाही.

वाट ठरलेली. रेल्वेचे रूळ ओलांडून, पाणचक्कीच्या तळ्यावरून, पुदिन्याच्या काळ्या रानातून चर्चच्या टेकडीवर. वर इंजिन जरा निवू द्यायचं आणि परत. एबरसोलच्या गाड्यांना पुढे स्टिअरिंगचं चाक आलं, छोटी चाकं आली, इंजिन सीटखालून पुढे गेलं. ती वाट मात्र बदलली नाही, आणि ती दोघंही. वाटेत काय बोलत असतील याची आम्हांला फार उत्सुकता.

“आज काय म्हणाले गार्बर?” मी विचारायची.

“म्हणाले, तिसरा गिअर कण्हतोय.”

“आणि तू?”

“म्हटलं, पाठीमागची पट्टी खरखरतेय.”

“अगं बाई. एवढ्यात रंगात आलात?”

यावर ती खिळे तोंडात टाकायची.

मालकांचा एक नियम होता. बाईचं लग्न झालं की तिनं कारखाना सोडायचा. त्यात त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांना वाटायचं, ज्या घरात बाईची वाट पाहिली जाते, त्या घरापासून तिला आपण का अडवावं. माझं दहा साली एमेटशी लग्न झालं, तेव्हा त्यांनी मला स्वतःच्या हातानं एक उशी दिली, आमच्याच बायकांनी भरलेली. मी ती उशी उराशी धरून जिना उतरले आणि फाटकापाशी रडत बसले. एमेटला वाटलं, त्याच्याशी लग्न केल्याचं दुःख झालं. बिचारा दिवसभर गप्प होता. त्याच्यावर माझा जीव होताच. पण बटणांवरही होता, हे त्याला समजायला दोन वर्षं लागली.

एमेटचं पुदिन्याचं रान त्या टेकडीच्या वाटेवरच होतं. त्यामुळे गाडी गेली की मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी जायची. ऑरिन टोपी वर करायचा. लविना हात करायची. मग धूळ आणि मग नुसता आवाज, चढावर बारीक होत गेलेला.

बारा सालच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी लविना माझ्याकडे आली. मी ॲपल पायसाठी पीठ लाटत होते. ती खुर्चीत बसली आणि टेबलावरचं पीठ बोटानं रेघारेघांनी ओढत राहिली.

“आज टेकडीवर गार्बरनी मला विचारलं,” ती म्हणाली.

“काय विचारलं?”

“जे विचारतात ते.”

माझ्या हातातलं लाटणं थांबलं. “मग? तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, उजवीकडची स्प्रिंग ढिली आहे.”

मी हसले. इतकी हसले की एमेट दारातून डोकावला. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि माझं हसू जागीच वाळलं.

“अगं, तुला तो नको आहे का?”

“नको असता तर सांगणं सोपं होतं.” तिनं पिठातली रेघ पुसून टाकली. “हो म्हटलं तर सोमवारी त्यांच्या शेजारी कोण बसेल, हल्डा? मी नाही. मी घरात. रविवारी चर्चला जाताना शेजारी बसेन, तेही हातमोजे घालून. मला माझं काम हवंय. आणि ते हवेत ते तिथे, त्या कामात.”

“मग हे त्यांना सांग.”

“सांगितलं तर ते मालकांशी भांडतील. मालक ऐकणार नाहीत. मग ते नोकरी सोडतील, माझ्यासाठी. मी त्यांना टेकडीवरून खाली आणणार नाही. तूही बोलायचं नाहीस, शपथ घे.”

मी शपथ घेतली. त्या शपथेसारखी जड वस्तू मी आजवर उचललेली नाही. कारण दुसऱ्या दिवशीही गाडी गेली, ऑरिननं टोपी वर केली, आणि माझ्या लक्षात आलं की त्याला वाटतंय, ही बाई आपल्याला नको म्हणाली. तरी तो हाक द्यायचा थांबला नाही. पुन्हा विचारलं मात्र नाही. तो अशाच मातीचा. एकदा दार वाजवायचा, मग ओसरीवर बसून राहायचा.

वर्षं गेली. युद्ध आलं, गेलं. डेट्रॉइटच्या मोटारी इतक्या स्वस्त झाल्या की आमच्या शेतकऱ्यांनीही मालकांच्या नजरेला नजर न देता त्या घेतल्या. एमेटनंही घेतली, मी तीन दिवस तिच्यात बसले नाही. मालकांना दोष देता यायचा नाही. ते अजून एकेका गाडीला रोगणाचे हात देत होते, सुकू देत होते, पुन्हा हात देत होते, आणि तिकडे त्या वेळात शंभर गाड्या दाराबाहेर पडत होत्या. बावीसच्या ऑगस्टमध्ये त्यांनी सांगितलं, हाती असलेली गाडी पुरी करू आणि कुलूप लावू.

गाद्यांच्या खोलीतल्या निम्म्या बायका तोवर शर्टांच्या कारखान्यात गेल्या होत्या. बटणांना कुणी उरलं नव्हतं. मालक माझ्या दारात आले, तशीच टोपी हातात.

“हल्डा, चार दिवस येशील?”

“मी लग्न झालेली बाई आहे, मालक.”

ते जरा हसले. “नियम पाळायला कारखाना कुठे राहिलाय आता, पोरी.”

मी गेले. लविना चौकटीवर वाकली होती. तिच्या केसांत पांढरं उतरलं होतं. मी तिला काही विचारण्याआधीच तिनं खिळे काढले आणि सांगितलं, “गार्बरना डेट्रॉइटला काम मिळालंय. शनिवारच्या आगगाडीनं जाताहेत.”

“आणि तू?”

“भावाकडे. ओहायोला. त्याच्या घरी चार मुलं आहेत, शिवणाला तोटा नाही.”

“लविना, आता तरी—”

“दहा वर्षांनी? हल्डा, माणूस दहा वर्षं थांबत नाही. ते सवयीनं हाक देतात. सवयीला काही विचारायचं नसतं.”

तिला वाटत होतं आता उशीर झाला, त्याला वाटत होतं उत्तर मिळून गेलं. शनिवार जवळ येत होता. मी शपथेनं बांधलेली.

शेवटची गाडी मोठी होती, पाच माणसांची. गुरुवारी दुपारी ती अंगणात आली, काळी, मालकांच्या रविवारच्या कोटासारखी. खालून हाक आली. आवाज नेहमीचाच होता, जरा खरखरीत.

“वजन पाठवा. आज पुढेही आणि मागेही.”

“मागे मी,” मी म्हणाले. कुणी दुसरी उठायच्या आत मी जिना उतरले होते.

रूळ ओलांडले. तळं गेलं. रानात पुदिना कापून पडला होता आणि त्याचं तेल काढायच्या भट्ट्या पेटल्या होत्या. तो वास डोळ्यांत पाणी आणतो, म्हणून कुणाच्या डोळ्यांत काय आहे हे कुणाला विचारता येत नाही. मला पुढच्या दोघांच्या पाठी दिसत होत्या, मध्ये एक वीत अंतर.

“मागची सीट कशी आहे, मिसेस?” ऑरिननं मान न वळवता विचारलं.

“राणीनं बसावं अशी. पुढची कशी आहे ते पुढच्यांनी सांगावं.”

लविनानं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला चांगली कळली. मी रानाकडे तोंड फिरवलं.

टेकडीवर त्यानं इंजिन बंद केलं. इतकी शांतता झाली की खालच्या भट्टीवर एमेट कुणाला तरी शिव्या देत होता ते ऐकू आलं.

“तिकडे टेकडी नसते म्हणे,” ऑरिन म्हणाला. “गाडी रोलरांवर चढवतात, लोखंडी, गोल फिरणाऱ्या. गाडी जागच्या जागी पळते. मिनिटभर. मग दुसरी.”

“शेजारी कोण बसतं?” लविनानं विचारलं.

“कुणी नाही. गरज नसते.”

ती हातांकडे पाहत राहिली. “तुम्हांला करमेल?”

“सवय होईल, मिस श्रॉक. मला सवय लवकर होते. एक सोडून.” त्यानं टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली. “चला, टेकडी उतरू या. मालक वाट पाहत असतील.”

तो हँडल मारून इंजिन सुरू करायला गाडीतून उतरू लागला. एक पाय पायरीवर, एक गाडीत. तेव्हा लविनानं त्याची बाही धरली. एवढ्या वर्षांत तिनं त्याला हात लावलेला मी कधी पाहिला नव्हता.

“तुम्ही बारा साली मला इथं विचारलं होतं.”

तो तसाच अर्धा उतरलेला थांबला. “हो. तुम्ही स्प्रिंगबद्दल सांगितलंत. मला समजलं.”

“काही समजलं नाही तुम्हांला. लग्न केलं असतं तर सोमवारपासून मला इथं बसता आलं नसतं. हल्डासारखी खिडकीतून आवाज ऐकला असता मी, आणि तुमच्या शेजारी पोतं बसलं असतं. मला ते सोसलं नसतं. तुम्हांला कारण सांगितलं असतं तर तुम्ही माझ्यापायी गाड्या सोडल्या असत्या. म्हणून गप्प राहिले.”

ऑरिनची बाही अजून तिच्या मुठीत होती, आणि तो ती सोडवून घेत नव्हता.

“मी नको म्हटलंच नव्हतं,” लविना म्हणाली. “त्या दिवशीही हो होतं. आणि त्याच्या आधीही, तुम्ही विचारलं नव्हतं तेव्हा.”