मिठाच्या बर्फातली बाटली

"आता मी जे सांगणार ते तुमच्यातल्या एकालाही खरं वाटायचं नाही," धोंडू म्हणाला आणि रक्ताची बाटली त्याने डॉक्टर अनुपमाबाईंच्या टेबलावर ठेवली. ठेवली म्हणजे कशी, तर अख्खा द्रोणागिरी आपणच उपटून आणलाय आणि ही वरची नुसती पालवी, अशा थाटात.

धोंडूची प्रत्येक गोष्ट याच वाक्याने सुरू व्हायची. संपात गिरणी बुडाली, हातातला साचा गेला, पण जिभेचा धोटा काही थांबला नाही. आता तो वर्सोव्याच्या बंदरावर होड्यांसाठी बर्फ फोडायचा. एकदा म्हणे त्याने फोडलेल्या लादीतून जिवंत पापलेट निघालं होतं आणि त्या पापलेटाने आधी 'भरती केव्हा' म्हणून विचारलं होतं.

पण त्या दिवशी थट्टेचं काम नव्हतं. खोलीतल्या पडद्याआड धोंडूची थोरली बहीण सुंदराबाई सकाळपासून उपाशी पडली होती. गर्भपिशवीतली गाठ काढायची, अंगात रक्त कमी, आणि डॉक्टरबाईंनी स्वच्छ सांगितलेलं, "बाटली हातात आल्याशिवाय मी सुरी लावणार नाही." संपाच्या दिवसांत या आक्कानेच धोंडूला दोन वेळची पेज वाढली होती. तेव्हा बाटली आणायचं काम त्याने स्वतःहून मागून घेतलं.

मागून घ्यायला आणखी एक कारण होतं, ते मात्र पोटातच. अंधेरीच्या रक्तपेढीचा नियम असा, की एक बाटली न्यायची तर घरच्या कुणीतरी बदली एक द्यायची. गट कुठलाही चालेल. घरचे म्हणजे दोघेच, आक्काचा नवरा भाऊराव आणि धोंडू. आणि धोंडूला सुईचं भय एवढं, की लहानपणी गावात देवी टोचणारा आला तेव्हा हा फणसावर चढून बसला. आक्काने पाय धरून खाली ओढला, तर फणसासकट आला. म्हणून "द्यायला भावोजी, आणायला मी" अशी वाटणी त्याने परस्पर करून टाकली. भाऊरावांनी निमूट हात पुढे केला, वर चहा-बिस्किट खाल्लं आणि ते बायकोजवळ परत गेले. गट जुळवून बाटली मिळेपर्यंत धोंडू बाकावर बसून राहिला, तेही सुया दिसणार नाहीत अशा बेताने भिंतीकडे तोंड करून.

पेढीतल्या चंद्रप्रकाशने फ्रिजमधून बाटली काढून त्याच्यासमोर धरली. खाली गडद लाल, वर फिकट पिवळं पाणी.

"हे काय रे? आमच्या दूधवाल्याकडे शिकलास काय? पाणी घातलंय यात!"

"काका, ठेवलं की लाल पेशी तळाला बसतात. वरचं पिवळं आहे ना, तोवर माल चांगला. पेशी फुटल्या की तेही लाल होतं. मग बाटली फेकायची."

"आणि ताजं आहे ना? शिळं आम्ही मांजराला घालतो."

"तारखेच्या आतलं आहे. फ्रिजमध्ये टिकतं, पण पेशी हळूहळू म्हाताऱ्या होतात. कडक होतात, वाकत नाहीत, काम मंदावतं."

"माझ्या गुडघ्यांसारखं म्हण की!"

"तसंच समजा. थंड राहू द्या. पण गोठू देऊ नका, बर्फाला थेट लावू नका, आणि वाटेत कुठे रेंगाळू नका."

एवढ्यातलं धोंडूच्या डोक्यात एकच उतरलं: थंड. बाकीचं त्याने ऐकलं, पण नवशिक्या पोराने आचाऱ्याला मीठ किती ते सांगावं, तसं ऐकलं. "थंडीचं मला शिकवतोय," असं पुटपुटत तो निघाला.

वाटेत बंदर लागलं. नर्सिंग होम तिथून हाकेच्या अंतरावर. पण पेढीने कागदात गुंडाळून बाटलीशेजारी दिलेला बर्फ पाझरताना पाहून बर्फवाल्याचा जीव कासावीस झाला. दोन खडे टाकावेत म्हणून तो वळला, तर समोर शेटच्या सुरमईसाठी मीठ मारलेल्या बर्फाचा टब तयार! बर्फात मीठ पडलं की थंडी चावायला लागते, हे कुल्फीवाल्यालाही ठाऊक. सुरमई त्यात कशी कोवळी राहते! मग आक्काच्या बाटलीलाच असा दुजाभाव का? धोंडूने कागद फेकला आणि बाटली टबात मानेपर्यंत खुपसली.

तेवढ्यात एका खलाशाने विचारलं, "धोंडूकाका, काय लपवताव?"

झालं! विचारणाऱ्याने विचारलं आणि वाट लागली. हे रक्त साधंसुधं नाही, धोंडूने सुरुवात केली, सावंतवाडीच्या एका पैलवानाचं आहे, तो रोज सकाळी रेड्याला कडेवर घेऊन फिरायचा. रेड्यावरून गोष्ट वाघावर गेली, वाघावरून मगरीवर. मढची फेरीबोट जाऊन आली, परत गेली, परत आली. मगर मेली तेव्हा कुठे धोंडूला आक्का आठवली.

बाटली ओढून काढली, हलवली. आतलं हलेना. रक्ताची कुल्फी झाली होती.

त्याने ती काखेत धरली, लुंगीत गुंडाळली, उन्हात होडीच्या फळीवर लोळवली. विरघळली बापडी. पण वरचं पिवळं कुठे गेलं? मानेपासून तळापर्यंत एकसारखं लाल, कोकमाच्या सरबतासारखं. चंद्रप्रकाशचे शब्द आता एकेक करून धोंडूच्या कानात उतरू लागले. रक्त फुकट गेलं होतं. तिकडे आक्का उपाशी. खरं सांगावं, तर दुसरी बाटली आणावी लागणार. दुसऱ्या बाटलीला दुसरा दंड लागणार. आणि भावोजींचा दंड तर वापरून झालेला. धोंडूने आपल्या दंडाकडे पाहिलं आणि शर्टाची बाही खाली ओढली.

"तर सांगतो काय," डॉक्टरबाईंपुढे तो म्हणाला, "किनाऱ्यावर गोरेगावच्या स्टुडिओवाल्यांचं शूटिंग चाललं होतं. हिरो घोड्यावरून पडला. रक्ताची धार ही अशी! त्यांचा डॉक्टर ओरडला, 'रक्त! रक्त!' मी म्हटलं, माझी आक्का वाघीण आहे, तासभर थांबेल. दिली बाटली. अर्धी पोटात जाते न जाते—"

"रक्त पोटात?" डॉक्टरबाई म्हणाल्या.

"शिरेत हो! तोच तो उठला आणि नाचायला लागला. वर हिरॉइनला उचललं, तेही एका हाताने."

"आणि मग ही बाटली?" भाऊराव म्हणाले.

"तीच रिकामी बाटली, भावोजी! मी तिथेच वाळूवर आडवा झालो. म्हटलं, घ्या डॉक्टर, धोंडूचं घ्या, आक्काचं देणं आहे."

डॉक्टरबाईंनी बाटली खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली. "ही वरपर्यंत लाल आहे."

"ताजं आहे ना! पेशींना अजून खाली बसायला फुरसत कुठे मिळाली?"

भाऊरावांचे डोळे भरून आले. "धोंडू, तू? तू सुई टोचून घेतलीस?"

"घेतली. आता काही महिने मला परत देता येणार नाही. तुमच्यासारखंच," धोंडू घाईघाईने म्हणाला.

डॉक्टरबाईंनी बाटली बाजूला ठेवली. "वाळूवर भरलेलं रक्त मी कुणाला चढवत नाही. चांगली बाटली हवी, आणि बदली द्यायला माणूस हवा. तुम्हा दोघांचंही देऊन झालंय म्हणता, मग ऑपरेशन पुढे ढकलते. नाइलाज आहे."

हे मात्र धोंडूने धरलेलं नव्हतं. त्याचा हात आपोआप बाहीकडे गेला, गुंडीपाशी थबकला, पुन्हा खाली आला.

पडदा सर्रकन बाजूला झाला. सुंदराबाई कोपरावर रेलून उठली होती. उपाशी पोटी तिचे डोळे असे लकाकत होते, की धोंडू एक पाऊल मागे सरला.

"धोंड्या, जरा पुढे ये मेल्या. बाटलीला सुरमईचा वास मारतोय, तो एक असो. पण तुझी बाही खाली कशी?"

"उगाच, आक्का. वारा लागतो..."

"खोटं! डॉक्टरीणबाई, साफ खोटं बोलतोय हा! अहो, नख लागलं तरी महिनाभर चिंधी बांधून मिरवणारा माणूस हा. यानं रक्त दिलं असतं तर पट्टी बांधलेला दंड उघडा टाकून वर्सोव्यापासून गोराईपर्यंत फिरला असता! याची बाटली अजून अंगातच आहे, भरलेली! अहो, बघत काय बसलात? फणसावर चढायच्या आत धरा त्याला!"