तिसरं उत्तर

पडद्यावर प्रश्न होता : ‘घरी आहे / नाही’. कमलबाईंनी ‘नाही’ची कळ दाबली आणि राणीसावरगावच्या कडूबाईंचं नाव समोरून गेलं.

“गेलं कुठं?” त्यांनी राधाकिशन साहेबांना विचारलं.

एकोणनव्वद साली परभणीतल्या रेशनच्या कचेरीत पहिला संगणक आला. बावीस वर्षं टाइपरायटर बडवलेल्या कमलबाईंना त्यावर बसवलं. प्रोग्राम राधाकिशन साहेबांनी लिहिलेला. घर बंद असलं की नाव धान्याच्या यादीतून निघतं, असं त्यांनी सांगितलं. गावाकडून येणाऱ्या कागदावर दोनच रकाने, म्हणून पडद्यावरही दोनच उत्तरं.

कमलबाईंना काही ते पटेना. रविवारी एसटी धरून त्या राणीसावरगावला गेल्या. अर्ध्या गल्लीला कुलपं. माणसं दिवाळी होताच ऊसतोडीला गेलेली. कडूबाई मात्र सुनेच्या बाळंतपणासाठी दोन दिवस आल्या होत्या.

“कुलूप घराला असतंय, बाई,” त्या म्हणाल्या. “आमी गुडीपाडव्याला येतोत की. न्हाई कसं म्हणता आमाला?”

सोमवारी कमलबाईंनी साहेबांना स्वतःच्या खुर्चीत बसवलं, कडूबाईंचा कागद हातात दिला आणि पाहिलेलं सगळं सांगितलं. साहेबांचं बोट दोन्ही कळांवर फिरलं, पण एकही दाबेना. मग त्यांनाच कुतूहल वाटायला लागलं. गाव सोडताना ही माणसं काय म्हणतात, असं त्यांनी विचारलं.

“जातो म्हणत नाहीत, साहेब. येतो म्हणतात.”

तीन दिवस खपून साहेबांनी तिसरं उत्तर घातलं : ‘परत येणार’. त्याखाली ‘कधी?’ वरिष्ठांनी कुरकुरत सही केली. वगळलेली दोनशे सोळा नावं कमलबाईंनी एकेक करून परत चढवली.

पुढच्या वर्षीपासून तोडीला निघालेली माणसं बाजाराच्या दिवशी कचेरीच्या खिडकीशी थांबून, कधी येणार ते सांगून जाऊ लागली. अशाच एका दुपारी पेडगावच्या नर्मदाबाई आल्या. त्यांचा मुलगा आश्रुबा अकरा वर्षांपूर्वी भिवंडीला गेला होता. पत्र नाही, निरोप नाही.

“आमच्या आश्रुबाचं लिवा,” त्या म्हणाल्या. “येणार म्हणून.”

कमलबाईंनी लिहिलं. पडदा ‘कधी?’वर थांबून राहिला. त्यांनी ते हळूच वाचून दाखवलं.

नर्मदाबाईंनी खिडकीचे गज धरले. मग म्हणाल्या, “दिवाळी टाका.”

कमलबाईंनी दिवाळी टाकली. साल विचारलं नाही.