कटला किती वाढला

आमच्या घरात तळ्यातला मासा कधी शिजला नव्हता. पापलेट, सुरमई, अगदीच नाही तर बोंबील. तळ्यातल्या माशाला चिखलाचा वास येतो, हे आमच्याकडे पाळण्यातलं पोरसुद्धा जाणतं. त्यामुळे माझे थोरले दीर विश्रामभावोजी ठाण्याच्या मत्स्य खात्यात लागले आणि आमच्याच कल्याणच्या तळ्यात कलकत्त्याचे कटले सोडायला निघाले, तेव्हा घरात हसूच झालं.

"कोण खाणार रे तुझा तो चिखल?" सासूबाई म्हणाल्या.

"खाऊ नकोस आई, नुसता बघ. वर्षात दीड हात झाला नाही तर नाव बदल माझं."

एक्कावन्नच्या पावसाळ्यात बीज आलं. बीज म्हणजे जिऱ्याएवढी पिल्लं, मातीच्या मडक्यांतून रेल्वेनं आलेली. मडक्यातलं पाणी हलतं ठेवलं नाही तर ती गुदमरतात, म्हणून बरोबरची माणसं वाटभर तळव्यानं पाणी थापटत बसलेली. स्टेशनवर बैलगाडी वेळेवर आली नाही, म्हणून एक मडकं भावोजींनी घरी आणून न्हाणीघरात ठेवलं. दिवसभर ते आणि माझ्या जाऊबाई, सुमतीवहिनी, आळीपाळीनं पाणी थापटत होते. थप, थप, थप. लग्नाला सात-आठ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. त्या दिवशी मात्र दोघं असे बसलेले की आत जायला मलाच संकोच वाटला.

"उत्तरा, ये ना गं," सुमतीवहिनी म्हणाल्या. "बघ, आमचं केवढं गोकुळ!"

भावोजी सांगत होते, "मासा माणसासारखा ठरल्या मापाला थांबत नाही. खाणं आणि पाणी मिळेल तोवर वाढतच राहतो. आपल्या तळ्याला तर खाण्याची ददात नाही."

ती का नाही, ते मी विचारलं नाही. तळ्याच्या पायऱ्यांवर सगळ्या गावाचे दहावे होतात. पिंडाचा भात शेवटी पाण्यातच जातो.

भाद्रपदात भावोजींना विषमज्वर झाला आणि ते गेले.

दहाव्याला पुरुष घाटावर गेले. आमच्यात बायका जात नाहीत. गेलेल्याची इच्छा राहिली असेल तर कावळा पिंडाला शिवत नाही, मग एकेकानं पुढं होऊन ती ओळखायची आणि वचन द्यायचं. आमच्या ह्यांनी वचन दिलं, 'आईला सांभाळीन.' काकांनी दिलं, 'सूनबाईला अंतर देणार नाही.' कुणी काशी कबूल केली, कुणी श्राद्ध. कावळा पिंपळावर मान वाकडी करून बसून राहिला. अखेर गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला.

"पिंड पाण्यात सोडला," आमचे हे घरी येऊन सांगत होते, "आणि खालून कुणी तरी सटकन ओढून..."

समोर वहिनी उभ्या आहेत हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं.

त्यानंतर दिवेलागणीला न्हाणीघरातून आवाज येऊ लागला. थप, थप, थप. मी काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नव्हे, मला तेवढी सवडच नसते. नळ गळत असेल म्हणून मी त्याला फडकं बांधलं. फडकं कोरडं राहिलं आणि आवाज चालूच. सासूबाईंनी अंगारा लावला. ह्यांनी 'उंदीर' म्हणून निकाल दिला आणि संध्याकाळचे हातपाय विहिरीवर धुवायला लागले.

वहिनी तेवढ्या घाबरल्या नाहीत. आवाज सुरू झाला की न्हाणीच्या दाराशी तांदूळ निवडायला बसायच्या. आवाज थांबला की सूप उचलून आत यायच्या.

त्यांचा भाऊ गोपीनाथ ठाण्याहून दोनदा न्यायला आला. मास्तरणीच्या ट्रेनिंगला तिथं जागा मिळत होती. वहिनींचं एकच उत्तर, "ह्यांचा इथला जीव सुटू दे, मग येते."

फाल्गुनात एकदा त्या मला म्हणाल्या, "सगळ्यांनी सगळं कबूल केलं गं. माशांचं कुणी बोललंच नाही. कटला केवढा झाला ते त्यांना बघायचं होतं. मला ठाऊक होतं, पण मला घाटावर नेलं कुणी?"

खरं सांगायचं तर मला रागच आला.

"मग आता सांगू," मी म्हटलं. "वैशाखात जाळं पडेल. मासा डोळ्यांनी बघायचा आणि तिथंच पायरीवर उभं राहून सांगायचं. भावोजी सुटतील, तुम्हीही सुटाल."

त्यांनी एकदा न्हाणीच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "चल तर."

जाळ्याच्या दिवशी सकाळी त्यांची ट्रंक भरून पडवीत ठेवली होती, संध्याकाळी गोपीनाथ येणार होता. तळं आटून निम्म्यावर आलेलं. महिपत कोळी आणि त्याची माणसं जाळं ओढत होती. जाळं काठाला लागलं आणि पाणी उसळलं. महिपतनं दोन्ही हातांनी एक कटला उचलून आमच्यापुढं आणला.

"बगा वैनी! वरसाचा हाय ह्यो, कोण म्हनंल? बापजन्मात येवढा बगला नाय. काय खाल्लं आसंल यानं?"

मी ऐकलं नसल्यासारखं केलं. मासा दीड हाताहून बोटभर जास्तच होता. मोठं डोकं, वर वळलेलं तोंड, उघडझाप करणारं. वहिनींनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, आजारी माणसाच्या कपाळावरून फिरवतात तसा.

"घेऊन जा घरला," महिपत म्हणाला.

"नको रे. सोड त्याला पाण्यात."

"सोडू? आवो, येवढा मासा..."

"सोड म्हणते ना."

तो मान हलवत मासा घेऊन पाण्याकडे वळला. वहिनी पायऱ्या उतरल्या, अगदी शेवटच्या ओल्या पायरीपर्यंत. मी दोन पायऱ्या वर थांबले. कडेला कुणाच्या तरी कालच्या दहाव्याची फुलं तरंगत होती. पाणी हिरवं, जड. त्यांनी पदर डोक्यावर घेतला, वाकल्या आणि नेहमीच्या आवाजात, जेवायला वाढताना बोलावं तशा बोलल्या.

"अहो, ऐकलंत का? जाळं टाकलं आज. लहानच आहेत हो अजून. वीतभर झाले असतील नसतील. वर्ष काही पुरलं नाही. पुढच्या वर्षी बघू."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी ट्रंकेतली लुगडी काढून पुन्हा कपाटात लावली, आणि मी गोपीनाथसाठी चहाचं आधण ठेवलं.