अर्मांडचा दोर

"सरक जरा. ती पिशवी माझ्या बरगडीत घुसतेय."

"पिशवी कुठे घुसतेय? तुझी बरगडीच पिशवीत घुसतेय."

"मग मांडीवर घेऊन बस ना तिला! एवढी लाडकी आहे तर."

ही माझी थोरली बहीण ल्युसील आणि तिचा नवरा अर्मांड. आमच्या डोंगराच्या जुन्या चेअरलिफ्टवर एका खुर्चीत तिघं बसतात, आणि एकही जागा रिकामी वर जाऊ द्यायची नाही असा इथला दंडक आहे. खाली रांगेत "एकटं कोण?" अशी हाक येते, आणि जो एकटा असेल त्याने मुकाट्याने समोर येईल त्या संसारात जाऊन बसायचं. त्या दिवशी एकटी मी होते. पायथ्याच्या लाकडी घरात मी सूप रांधते. वाटाण्याचं सूप शेगडीवर चढवून, हाताखालच्या मॅव्हिसला ढवळायला बसवून, दुपारच्या गर्दीआधी एक फेरी मारावी म्हणून निघाले, ती नेमकी यांच्यात येऊन पडले. मध्ये ल्युसील, एका बाजूला अर्मांड आणि पिशवी, दुसऱ्या बाजूला मी.

पिशवीत काय आहे हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. ऐंशी फूट दोर, दोन कड्या आणि दोरावरून सावकाश सरकत उतरायचा एक चाप. मागच्या हिवाळ्यात ही लिफ्ट अडीच तास बंद पडली होती. लोकांनी येत होती ती सगळी गाणी म्हटली, मग येत नव्हती तीही म्हटली. त्यानंतर अर्मांडने हे सामान आणलं, आणि माझ्या शेगडीभोवती वाद सुरू झाला. स्की करणाऱ्याने स्वतःच्या सुटकेचा दोर सोबत बाळगावा की नाही? अर्मांड म्हणे, गाडीत जादा चाक ठेवता ना, मग इथे का नको? आमचा दातांचा डॉक्टर म्हणे, "मी दोर आणला तर बायको मलाच आधी खाली सोडेल, तेही दुसरं टोक कुठेही न बांधता." बचाव पथकाच्या जोसीने तर तिकीटखिडकीशेजारी पाटीच लावली: 'खुर्ची थांबली तर बसून राहा. आम्ही येतो.' दुसऱ्या दिवशी खाली कुणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलं: 'कधी?'

अक्षर वेडंवाकडं, थरथरतं होतं. म्हणून कुणी लिहिलं असं कुणीच विचारलं नाही.

कारण त्या पथकाचा प्रमुख एकतीस वर्षं अर्मांडच होता. जोसीला पहिली गाठ त्यानेच शिकवली. मागच्या वसंतात त्याने प्रमुखाचं लाल जाकीट तिच्या हाती दिलं आणि सांगितलं, "गुडघे गेले." गावाने मान डोलावली. आता त्याचे गुडघे असे की माझ्या स्वयंपाकघराच्या पायऱ्या तो दोन-दोन करून चढतो. गेले होते ते हात. शर्टाचं बटण लावायला त्याला पाच मिनिटं लागत, आणि ल्युसील गेलं वर्षभर त्याचा कप अर्धाच भरत होती. तरी सगळे विचारायचे, "गुडघे काय म्हणतात, चीफ?" हो, चीफ. प्रमुख जोसी झाली तरी ती हाक अर्मांडकडेच राहिली होती. खुद्द जोसीही त्यालाच चीफ म्हणे.

आणि त्याने मला एकदा भांडी घासता घासता सांगून ठेवलं होतं, "ओडेट, ज्यांना मी गाठ मारायला शिकवली, त्यांनी मला बटाट्याच्या पोत्यासारखं खाली सोडायचं? त्यापेक्षा माझा मी उतरेन."

त्या हातांनी. तीस फुटांवरून. म्हणून ती पिशवी मला आवडत नसे.

आठवा खांब गेला, नववा आला, आणि खुर्चीने एक हिसका दिला. आम्ही पुढे झुललो, मागे झुललो, आणि थांबलो. वरच्या तारेची कुरकुर बंद झाली. इतकी शांतता, की खालच्या फरच्या झाडावरून बर्फ घसरलेला ऐकू आला.

"झालं," ल्युसील म्हणाली.

"होईल सुरू," मी म्हटलं.

 अर्मांडचा चेहरा मात्र असा उजळला, जणू वाढदिवसाला कुणीतरी अचूक तीच वस्तू आणून दिली.

वीसेक मिनिटांनी खालून बर्फावरच्या मोटारीवर पथकातला एक जण ओरडत गेला. मोठ्या चाकाचा आस तुटलाय, आज लिफ्ट चालणार नाही, एकेका खुर्चीला उतरवतोय, बसून राहा! अर्मांडने हातमोजे काढले आणि जाकिटाची चेन खाली ओढायला लागला.

"हे काय? कपडे का काढतोयस?" ल्युसीलने विचारलं.

"पट्टा आत आहे."

"कसला पट्टा?"

"कमरेचा. दोर अडकवायचा. बाहेरून घातला असता तर सगळ्यांनी पाहिला असता ना."

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सकाळी हा रांगेत बदकासारखा चालत होता. मांड्यांभोवतीचे पट्टे, त्यावर लोकरीची आतली विजार, त्यावर स्कीची जाड विजार, त्यावर खांद्यांवरून घेतलेले गॅलिस. गाव हसू नये म्हणून सुटकेचं सामान सगळ्यात आत, आणि आता सुटका हवी तर आधी विजार उतरवायला हवी.

ल्युसील हसायला लागली. ती हसली की तिचे खांदे हलतात, खांदे हलले की खुर्ची हलते. मीही हसले. पुढच्या खुर्चीवरून दातांच्या डॉक्टरने मागे वळून विचारलं, "काय चाललंय तिकडे?"

"चीफ नागडा होतोय!" ल्युसील ओरडली.

"मदत लागली तर सांगा. मला इथून येता येत नाही, पण सांगा!"

अर्मांडही हसला. कान लाल झाले होते, तरी हसला. एका गॅलिसमधून हात काढून, आत चाचपून, त्याने पट्ट्याची कडी बाहेर काढलीच. मग दोर काढला आणि टोक हातात घेऊन गाठ मारायला लागला. आठाच्या आकड्यासारखी गाठ. त्याच्या हाताखालच्या पोरांना डोळे बांधून मारायला लावायचा तो ती.

टोक फाशातून गेलं नाही. पुन्हा. पुन्हा नाही. तिसऱ्या वेळी दोरच बोटांतून निसटला, त्याने तो गुडघ्यांनी धरला. आमचं हसणं कुठे थांबलं ते कळलंच नाही. ल्युसील झाडांकडे बघू लागली. मी माझ्या बुटांकडे.

"थंडी फार आहे," ल्युसील झाडांना म्हणाली.

"हो. थंडीच आहे," अर्मांड म्हणाला.

थंडी काही नव्हती. मार्चचं ऊन पडलं होतं, माझ्या कपाळावर घाम होता.

माझी बहीण हुशार आहे. ती तशीच पुढे म्हणाली, "दोर काढलाच आहेस तर त्याचा उपयोग कर. मला भूक लागलीय. ओडेट, तुझं ते सूप खाली करपतंय की नाही?"

मी दोन्ही हात तोंडाशी धरून खाली बोंब मारली. एक पोरगी स्कीवरून निरोप घेऊन गेली, आणि थोड्याच वेळात मॅव्हिस त्याच बर्फमोटारीच्या मागच्या घसरगाडीवर बसून आली. मांडीत सुपाने भरलेली दुधाची मोठी किटली. गळ्यात डाव, जणू पदकच.

दोराचं वरचं टोक खुर्चीच्या दांड्याला ल्युसीलने बांधलं. तिची गाठ विणकामातली, पण हत्ती बांधला तरी सुटणार नाही. खालचं टोक मॅव्हिसने किटलीच्या कानाला बांधलं. ओढायचं काम अर्मांडचं. ओढायला बोटं लागत नाहीत, पाठ लागते, आणि पाठ त्याची बैलाची. हात-हात करत किटली वर आली, एक थेंब न सांडता. सगळ्या खुर्च्यांवरून टाळ्या पडल्या.

"अन्याय आहे हा!" डॉक्टर ओरडला. "आमचं काय?"

"दोर बाळगा!" अर्मांड गरजला. वर्षभर शेगडीशी हरलेला वाद त्याने हवेत लटकून जिंकला.

किटलीवर फडक्यात गुंडाळून मॅव्हिसने प्लोयही पाठवली होती, कुट्टूच्या पिठाची आमची जाळीदार धिरडी, लोणी लावून गुंडाळलेली. ल्युसीलच्या थर्मासच्या झाकणातून आम्ही आळीपाळीने सूप प्यायलो. अर्मांडची पाळी आली की ती झाकण अर्धंच भरी आणि खालून आपला हात लावून धरी, बोलता बोलता, दुसरीकडेच बघत. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली यांच्या. इतकं सुंदर न बघणं मी दुसरं पाहिलेलं नाही.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला.

"उडी मार मग," मी म्हटलं.

अशी आमची सहल चाललेली असताना जोसी आमच्या खुर्चीखाली आली. लाल जाकीट, सोबत दोघं, खांद्यावर दोरांची वेटोळी. हिवाळाभर हिने पाट्या लावल्या, सराव घेतले, पण भर माणसांनी लटकलेली लिफ्ट रिकामी करायची ही तिची पहिलीच वेळ. आणि वर बसलेले कोण, तर आम्ही.

"चीफ!" ती ओरडली. "सगळं ठीक?"

"सूप अळणी आहे. बाकी ठीक."

तिने वजन बांधलेली बारीक दोरी वरच्या तारेवरून फेकली. आखूड पडली. दुसरी वाऱ्याने बाजूला गेली. आधीच्या अकरा खुर्च्यांना एकेका फेकीत जमलं होतं म्हणे. तिने आमच्याकडे, म्हणजे त्याच्याकडे, पाहिलं आणि मान खाली घातली.

"खांद्यातून नको, पोरी," अर्मांड खाली वाकून म्हणाला. आवाज अगदी मऊ. "कमरेतून. गवताची पेंढी माळ्यावर टाकतेस तशी."

तिसरी फेक तारेवरून अलगद पलीकडे पडली. तिच्यामागून जाड दोर चढला, आणि दोराच्या टोकाला ती झोळी: काखेखालून घ्यायची, पुढे कडी अडकवायची, ती दोनदा तपासायची आणि खुर्चीवरून पुढे घसरायचं. बाकीचं खालची माणसं करतात.

झोळी आमच्या तिघांसमोर झुलायला लागली.

जोसीने वर पाहिलं. नियम तिला पाठ होता, आम्हालाही पाठ होता, कारण तो अर्मांडनेच घातलेला होता आणि एकतीस वर्षं प्रत्येक सरावाला मोठ्याने म्हणवून घेतलेला होता. खुर्चीतला सर्वांत कच्चा माणूस आधी. उरलेल्यांनी त्याला झोळी घालून द्यायची, कडी तपासायची. कच्चा माणूस शेवटी राहिला तर त्याची कडी कोण तपासणार?

"आधी कोण येतंय?" जोसीने विचारलं. तिचा आवाज जरा जास्तच साधा होता.

"मी," ल्युसील ताबडतोब म्हणाली. "माझी कंबर धरलीय."

"नाही, मी," मी म्हटलं. "मला उंचीची भीती वाटते."

चाळीस वर्षं या लिफ्टवर बसतेय मी. खाली मॅव्हिसने तोंडावर हात ठेवला.  पुढच्या खुर्चीतल्या डॉक्टरने तोंड पुढे फिरवलं.

अर्मांडने झोळीकडे पाहिलं. मग आमच्या दोघींकडे, आळीपाळीने, जसं खोटं बोलणाऱ्या पोरांकडे बघतात. मग त्याने मोजे काढलेले ते दोन्ही हात समोर धरले, सगळ्यांना दिसतील असे. उन्हात ते फरच्या शेंड्यासारखे हलत होते. त्याने ते लपवले नाहीत.

"चीफ," त्याने खाली हाक मारली.

जोसीने मागे वळून पाहिलं, कुणाला म्हणतोय म्हणून. मागे कुणी नव्हतं.

"चीफ, तुलाच म्हणतोय. आधी मी. माझे हात थरथरतात."